रेव्हरंड शटल्सवर्थ: स्टीव्ह जॉब्ज गेले त्याच दिवशी गेलेले आजोबा

पायवाट

५ ऑक्टोबर २०११ म्हटलं की बहुतेकांना स्टीव्ह जॉब्ज आठवतात. मलाही तेच आठवायचे. त्या दिवशी अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात, बर्मिंगहॅम शहरात, ८९ वर्षांचे एक निवृत्त पास्टर वारले. जॉब्जच्या बातम्यांच्या लोंढ्यात ही बातमी माझ्यापर्यंत पोचलीच नाही. पुढे काही वर्षांनी कामासाठी बर्मिंगहॅमला उतरले तेव्हा विमानतळाच्या नावातच ते भेटले: बर्मिंगहॅम-शटल्सवर्थ आंतरराष्ट्रीय विमानतळ. कोण हे, म्हणून चौकशी केली. मग वाचत गेले आणि आजतागायत वाचतेच आहे. दर ऑक्टोबरात त्यांच्याबद्दल इथे लिहायचं ठरवते आणि राहून जातं. या वर्षी लिहितेच.

फ्रेड शटल्सवर्थ यांचा जन्म १८ मार्च १९२२ चा, माउंट मेग्स नावाच्या गावातला. जन्मनाव फ्रेडी ली रॉबिन्सन. आईने नंतर ज्यांच्याशी लग्न केलं त्या सावत्र वडिलांचं आडनाव त्यांना मिळालं. घरात नऊ भावंडं, हे सगळ्यांत थोरले. घरची परिस्थिती इतकी ओढग्रस्तीची की कुटुंब चोरून दारू गाळायचं, आणि १९४० मध्ये त्या गुन्ह्यात यांनाही शिक्षा झाली. प्रोबेशनवर सुटले. मोठेपणी त्यांना संत करून टाकणाऱ्यांनी हा भाग गाळू नये असं मला वाटतं. पुढे ट्रक चालवला, संसार सांभाळून कॉलेज केलं आणि १९५३ मध्ये बर्मिंगहॅमच्या कॉलेजव्हिल वस्तीतल्या बेथेल बॅप्टिस्ट चर्चचे पास्टर झाले.

त्या काळचं बर्मिंगहॅम कसं होतं, ते कळल्याशिवाय या माणसाचं मोल कळत नाही. शाळा, बस, पाण्याचे नळ, हॉटेलं, सगळं गोऱ्यांसाठी वेगळं आणि कृष्णवर्णीयांसाठी वेगळं. कुणी जरा डोकं वर काढलं की घरावर बॉम्ब पडायचा. इतके बॉम्ब पडले की शहराला लोक ‘बॉम्बिंगहॅम’ म्हणायला लागले. १९५६ मध्ये अलाबामा सरकारने कोर्टाकडून आदेश मिळवून कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारी सर्वांत जुनी संघटना, एनएएसीपी, राज्यात बंद पाडली. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, आता थांबू या, दिवस बरे नाहीत. शटल्सवर्थनी काही दिवसांतच, ५ जून १९५६ ला, सभा घेऊन नवी संघटना काढली: अलाबामा ख्रिश्चन मूव्हमेंट फॉर ह्यूमन राइट्स. संघटनेच्या नावातच ‘ख्रिश्चन’ आहे आणि ‘हक्क’ही. त्यांच्या लेखी या दोन गोष्टी वेगळ्या नव्हत्याच.

त्याच वर्षीच्या नाताळची रात्र. अलाबामाची राजधानी मॉन्टगोमेरी, तिथल्या बसमधला भेदभाव सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने चार दिवसांपूर्वी संपला होता. शटल्सवर्थनी जाहीर केलं होतं की आपल्याकडेही तसं झालं नाही तर २६ डिसेंबरला आम्ही बसमध्ये पुढच्या जागांवर बसणार. २५ च्या रात्री ते चर्चला लागून असलेल्या पास्टरच्या घरात पलंगावर पडून चर्चच्या एका पदाधिकाऱ्याशी बोलत होते. घराखाली डायनामाइट फुटलं. घर कोसळलं. ते ज्या गादीवर होते ती गादी राहिली आणि ते तिच्यासकट वाचले. बायको, मुलं, पाहुणे, सगळे जिवंत निघाले.

बाहेर आले तेव्हा एक गोरा पोलीस त्यांना म्हणाला, मी या लोकांना ओळखतो, ते इतक्या थराला जातील असं वाटलं नव्हतं, तुमच्या जागी मी असतो तर शहर सोडलं असतं. हा पोलीस क्लॅनचाच, म्हणजे कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्णद्वेष्ट्यांच्या हिंसक संघटनेचाच, माणूस असल्याचं शटल्सवर्थ सांगत. त्यांनी उत्तर दिलं त्याचा आशय असा: तुम्ही माझ्या जागी नाही. जाऊन तुमच्या क्लॅनच्या भावांना सांगा, देवाने मला यातून वाचवलं ते इथे शेवटपर्यंत राहण्यासाठी.

आणि सकाळी सुमारे अडीचशे माणसं बसमध्ये पुढच्या जागांवर जाऊन बसली. आदल्या रात्री घर गमावलेला माणूस सगळ्यांत पुढे होता.

कुणी त्यांच्याबद्दल वाचलं असेल, ऐकलं असेल तर जरूर लिहा.

सांजवात

अंगावर काटा आला. मार्टिन ल्यूथर किंग आणि रोझा पार्क्स यांच्यापलीकडे मला कुणाचं नावसुद्धा माहीत नव्हतं. पुढचं लवकर लिही.

उंबरठा

धागा काढलास हे फार बरं केलंस, पायवाट. १९५७ च्या जानेवारीत किंग यांच्याबरोबर सदर्न ख्रिश्चन लीडरशिप कॉन्फरन्स ही नागरी हक्कांसाठी लढणारी संघटना उभी करणाऱ्यांत हेही होते. स्वभाव मात्र दोघांचे अगदी वेगळे. किंग सुशिक्षित, खात्यापित्या घरातले, तोलूनमापून बोलणारे. शटल्सवर्थ कामगार वस्तीतले, फटकळ, कुणाची भीड न ठेवणारे. वाट बघणं हा प्रकार त्यांना ठाऊक नव्हता. १९६३ च्या आंदोलनासाठी किंगना बर्मिंगहॅमला या म्हणून मागे लागणारे हेच, ही गोष्ट बऱ्याच पुस्तकांत एका ओळीत उरकलेली असते. सात वर्षं ही जमीन कुणी नांगरली ते मग दिसतच नाही.

निळी_शाई

मी वकिली करते, त्यामुळे मला हे गृहस्थ कायद्याच्या पुस्तकांतून भेटले. दोन गोष्टी लिहिते.

पहिली. ‘न्यूयॉर्क टाइम्स विरुद्ध सुलिव्हन’ हा पत्रकारांच्या स्वातंत्र्याचा जगप्रसिद्ध निकाल, १९६४ चा. त्यात टाइम्सबरोबर चार कृष्णवर्णीय पास्टरही प्रतिवादी होते आणि त्यांतले एक शटल्सवर्थ. १९६० मध्ये टाइम्समध्ये आंदोलनाच्या मदतीसाठी एक जाहिरात आली, त्यात या चौघांची नावं त्यांना न विचारता छापली होती. मॉन्टगोमेरीच्या एका शहर आयुक्ताने बदनामीचा दावा लावला आणि तिथल्या ज्यूरीने पाच लाख डॉलरची भरपाई ठोठावली. वर्तमानपत्राला अपील करायला पैसा होता. या पास्टरांची वसुली मात्र सुरूही झाली. शटल्सवर्थची मोटार जप्त झाली. सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला तो चार वर्षांनी. हा निकाल आम्हाला शिकवला तेव्हा जप्त झालेल्या मोटारींचा उल्लेख कुणी केला नव्हता.

दुसरी. ‘शटल्सवर्थ विरुद्ध बर्मिंगहॅम’, १९६९. १९६३ च्या गुड फ्रायडेला ५२ माणसांनी फुटपाथवरून शांतपणे मोर्चा काढला. परवाना नव्हता, कारण मागायला गेलेल्यांना तो मिळणारच नाही असं स्पष्ट सांगितलं होतं. शटल्सवर्थना ९० दिवसांची सक्तमजुरी आणि ७५ डॉलर दंड झाला. सहा वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं की परवाना द्यायचा की नाही हे अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडणारा तो नियमच घटनेला धरून नाही. सहा वर्षं एका फुटपाथवरच्या चालण्यासाठी. मला खरं तर त्या निकालापेक्षा ही चिकाटी जास्त भावते. हा माणूस बॉम्बला भ्यायला नाही हे सगळे सांगतात. तारखांना कंटाळला नाही, हेही सांगायला हवं.

रानपाखरू

वाचतेय. सगळं खरोखर थोर आहे. पण मला एक विचारायचं आहे, आणि कुणी राग मानू नये.

मी शोधून वाचलं तेव्हा कळलं की १९५७ मध्ये हे आपल्या दोन मुलींना गोऱ्यांच्या शाळेत नाव घालायला घेऊन गेले आणि तिथे जमाव वाट बघत होता. साखळ्या, काठ्या घेऊन. मला दोन मुली आहेत. स्वतःचा जीव धोक्यात घालणं मी समजू शकते. मुलींना तिथे नेण्याचा हक्क बापाला कुणी दिला? आणि हा माणूस कुटुंबवत्सल होता असं आपण म्हणायचं?

पायवाट

राग कशाला, रानपाखरू. हाच प्रश्न मलाही छळतो, म्हणून आधी जे घडलं ते नीट लिहिते.

तारीख ९ सप्टेंबर १९५७. शाळा फिलिप्स हायस्कूल. तेव्हा अर्कान्सस राज्यातल्या लिटल रॉकमध्ये गोऱ्यांच्या शाळेत कृष्णवर्णीय मुलांना घेण्याचं प्रकरण चार-पाच दिवसांपूर्वीच पेटलं होतं. बर्मिंगहॅममध्ये तर त्याच्या आठवडाभर आधी क्लॅनच्या टोळीने रस्त्यावरून जाणाऱ्या एका निरपराध कृष्णवर्णीय माणसाला पळवून नेलं, त्याच्यावर कायमची जखम केली आणि त्याच्याच तोंडी शटल्सवर्थसाठी निरोप दिला की मुलांना एकत्र शाळेत घालायचं थांबव. म्हणजे काय होऊ शकतं हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. ते अजाणतेपणी गेले नाहीत.

मोटारीत ते, पत्नी रुबी, दोन्ही मुली पॅट्रिशिया आणि रुबी फ्रेडरिका, आणखी दोन मुलगे आणि गाडी चालवणारे एक सहकारी पास्टर. शटल्सवर्थ उतरले आणि जमाव त्यांच्यावर तुटून पडला. सायकलच्या साखळ्या, मुठीत घालायची धातूची कडी, लाथा. त्यांना वाचवायला उतरलेल्या रुबीबाईंच्या कमरेखाली कुणीतरी चाकू खुपसला. धाकट्या मुलीच्या घोट्यावर गाडीचं दार आपटलं. तेव्हा टिपलेली फिल्म आजही आहे. ते कसेबसे गाडीपर्यंत पोचले आणि ओढून आत घेतले गेले.

इस्पितळात डॉक्टरांना आश्चर्य वाटलं की एवढा मार खाऊन मेंदूला धक्का कसा नाही. त्यावर त्यांनी सांगितलं की शहर कठीण आहे हे देवाला माहीत होतं, म्हणून त्याने मला डोकंही कठीण दिलं. हे वाक्य सगळीकडे सापडतं. पण त्या खोलीशेजारी बायको आणि मुलगी होत्या, हे वाचताना मला ते वाक्य पूर्वीसारखं वाचता येत नाही.

वडाची_पारंबी

रानपाखरूताई, माझं वय आता सत्तरीच्या पुढे आहे. तुमचा प्रश्न बरोबर आहे, पण तो थोडा फिरवून बघा. त्या मुली घरी सुरक्षित होत्या का? नऊ महिन्यांपूर्वी त्या ज्या घरात होत्या त्याच घराखाली बॉम्ब फुटला होता, तोही नाताळच्या रात्री. घर, चर्च, रस्ता, कुठेच त्या सुरक्षित नव्हत्या. मुलींना संकटात घालू की नको ही निवड त्या बापापुढे नव्हतीच. संकटात त्या होत्याच. फक्त त्या संकटाला सामोरं जाताना मान वर ठेवायची की खाली, एवढंच त्याच्या हातात होतं.

मला हे पटकन कळतं याचं कारण आमच्या घरच्या गोष्टी. महाडला २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचं पाणी प्यायल्यावर परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले आणि बाबासाहेबांनी आपल्या लोकांना शांत राहायला सांगितलं, हे आम्ही आजोबांच्या मांडीवर ऐकलं. तिथेही लोक कुटुंबांसकट आले होते. पाणी बायकामुलांनाच तर लागतं. शाळा मुलांनाच लागते. मुलांना मागे ठेवून त्यांच्या शाळेसाठी कसं लढणार?

रानपाखरू

काका, तुमचं म्हणणं मी दोनदा वाचलं. घर सुरक्षित नव्हतं हे मी धरलंच नव्हतं. तरीही घरात बॉम्ब पडणं आणि आपण स्वतः मुलीचा हात धरून जमावासमोर नेणं यात मला फरक वाटतोच. निदान त्या मुलींना कुणी विचारलं होतं का?

उंबरठा

हा वाद त्या काळीही झाला आहे. १९६३ च्या मे महिन्यात बर्मिंगहॅमच्या शाळकरी मुलांनी मोर्चे काढले. २ मे ला हजाराच्या आसपास मुलं रस्त्यावर उतरली, शेकड्यांनी तुरुंगात गेली. दुसऱ्या दिवशी शहराचा सार्वजनिक सुरक्षा आयुक्त बुल कॉनर याने कुत्री आणि अग्निशमन दलाचे पाण्याचे फवारे सोडले. त्या पाण्याचा मारा इतका की अंगावरचे कपडे फाटायचे. तेव्हा माल्कम एक्स या कृष्णवर्णीयांच्या जहाल नेत्याने जाहीर टीका केली की खरे पुरुष आपल्या पोरांना आघाडीवर पाठवत नाहीत. खुद्द किंगसुद्धा मुलांना उतरवावं की नाही याबद्दल शेवटपर्यंत घुटमळत होते. म्हणजे रानपाखरू, तुम्ही एकट्या नाही.

पण एक बघा. मोठी माणसं मोर्चात गेली की नोकरी जायची, घरमालक बाहेर काढायचा. आंदोलन थंडावत चाललं होतं ते त्यामुळे. मुलांना नोकरी नव्हती. मोर्चा त्यांनी चालू ठेवला. आणि जगभर ज्या छायाचित्रांनी हलकल्लोळ झाला ती त्याच दोन-चार दिवसांतली आहेत. पुढच्या वर्षी, २ जुलै १९६४ ला, नागरी हक्कांच्या कायद्यावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली.

पायवाट

मुलींना विचारलं होतं का, याचं थेट उत्तर नाही देता येत. एक प्रसंग मात्र सांगते. १९६० च्या ऑगस्टमध्ये पॅट्रिशिया, रुबी फ्रेडरिका आणि भाऊ फ्रेड ज्युनिअर ही तिघं भावंडं टेनेसीतल्या हायलँडर फोक स्कूल या चळवळीच्या प्रशिक्षण केंद्रातून बसने घरी परतत होती. वडील बरोबर नव्हते. ती बसमध्ये पुढच्या जागांवर बसली. मागे जा म्हटल्यावर गेली नाहीत. अलाबामातल्या गॅड्सडेनमध्ये तिघांना अटक झाली.

फिलिप्स हायस्कूलनंतर तीनच वर्षं झाली होती. ज्या पोरींच्या डोळ्यांसमोर आईला चाकू लागला, त्या कुणी हात धरलेला नसताना पुढच्याच जागेवर बसल्या. यावरून आधी जे झालं ते योग्य ठरतं असं मी म्हणत नाही. पण त्यांच्याकडे फक्त ओढून नेलेल्या मुली म्हणून बघणं त्यांच्यावरही अन्याय होईल.

आता या घराची दुसरी बाजू, कारण आठवण काढायची तर पूर्ण काढावी. १९६१ मध्ये ते ओहायोतल्या सिनसिनाटीच्या एका चर्चमध्ये पास्टर म्हणून गेले. कुटुंब तिकडे हललं, पण त्यांचं मन आणि अर्धे दिवस बर्मिंगहॅममध्येच. सतत ये-जा. १९७० मध्ये रुबीबाई आणि त्यांचा घटस्फोट झाला आणि पुढच्याच वर्षी रुबीबाई वारल्या. या बाईंनी बॉम्ब सोसला, चाकू सोसला, चार मुलं वाढवली, आणि पुस्तकांत त्यांच्या वाट्याला फार तर दोन परिच्छेद येतात. हा धागा मी शटल्सवर्थ यांच्या नावाने काढला, पण लिहिता लिहिता वाटतंय की निम्मा तरी त्यांचा आहे.

सांजवात

रुबीबाईंबद्दलचं वाचून गलबलून आलं.

तांबडं_फुटलं

श्रद्धेबद्दल कुणी फारसं लिहिलं नाही, म्हणून मी लिहितो. मी स्वतः ख्रिस्ती आहे आणि आमच्या घरी प्रार्थना म्हणजे शांत बसून मन हलकं करणं. शटल्सवर्थबद्दल वाचल्यावर मला कळलं की प्रार्थना माणसाला जागेवरून उठवूही शकते.

त्यांच्या संघटनेची सभा दर सोमवारी रात्री चर्चमध्ये भरायची. आधी प्रार्थना, मग गाणी, मग प्रवचन, मग पुढच्या आठवड्यात कुठे जायचं ते. संघटनेचं स्वतःचं गायकवृंद होतं. गोरे पोलीस मागच्या बाकांवर बसून टिपणं घ्यायचे, आणि त्यांच्यासमोर सगळं उघड बोललं जायचं. शटल्सवर्थना काही लपवायचंच नव्हतं. दिवसभर पोलाद कारखान्यात किंवा गोऱ्यांच्या घरी राबून आलेली माणसं रात्री तिथे ताठ बसायची. खालच्या मानेने आत आलेला माणूस तिथून ताठ मानेने बाहेर पडत असेल, तर देऊळ काय आणि चर्च काय, आणखी काय करायचं असतं?

आणि रात्री चर्चभोवती वस्तीतले पुरुष आळीपाळीने पहारा द्यायचे. २९ जून १९५८ ला चर्चच्या भिंतीशी धुमसणारा डबा दिसला. विल हॉल नावाच्या पहारेकऱ्याने तो उचलला आणि रस्त्यात नेऊन ठेवला, मग तो फुटला. चर्चच्या काचा गेल्या, चर्च वाचलं. या बॉम्बसाठी जे. बी. स्टोनर या गोऱ्या वर्णद्वेष्ट्याला शिक्षा झाली ती १९८० मध्ये, बावीस वर्षांनी. १९६२ च्या डिसेंबरात तिसऱ्यांदा बॉम्ब पडला तेव्हा शटल्सवर्थ तिथले पास्टरही नव्हते.

विल हॉल यांच्याबद्दल मी नेहमी विचार करतो. भाषण नाही, पद नाही. पेटलेला डबा उचलून चालत गेले.

निळी_शाई

तांबडं_फुटलं, फार सुंदर लिहिलंत. याला जोडून १४ मे १९६१ आठवते. फ्रीडम रायडर्सची, म्हणजे बसमधला भेदभाव मोडायला एकत्र प्रवास करणाऱ्या गोऱ्या-काळ्या कार्यकर्त्यांची, एक बस अलाबामातल्या अ‍ॅनिस्टनजवळ जाळली, दुसऱ्या बसमधल्यांना बर्मिंगहॅमच्या बसस्थानकावर बेदम मारलं. जिम पेक या गोऱ्या कार्यकर्त्याला ५३ टाके पडले. जखमींना आसरा मिळाला तो शटल्सवर्थ यांच्या घरात. अ‍ॅनिस्टनच्या इस्पितळात अडकलेल्यांना आणायला त्यांनी आपल्या माणसांच्या मोटारी पाठवल्या. त्या रस्त्याने, त्या दिवशी, कृष्णवर्णीय माणसांनी मोटारी घेऊन जायचं म्हणजे काय, याची कल्पना करा. अमेरिकेतला तो मातृदिन होता.

मधली_सुट्टी

थोडा वेगळा सूर लावतो. माणूस धाडसी होता यात शंका नाही, पण एकहाती कारभार करायचा असंही वाचलंय. सिनसिनाटीच्या चर्चमध्ये त्यांच्या हुकूमशाही वागण्यावरून आणि पैशाच्या व्यवहारावरून तंटा झाला, आणि ते बाहेर पडून १९६६ मध्ये दुसरं चर्च काढून बसले. किंगवर तर ते सर्वांसमोर खेकसले होते. असा स्वभाव चळवळीला घातक नाही का?

उंबरठा

खेकसले ते का, हे बघायला हवं. ७ मे १९६३ ला सिक्स्टीन्थ स्ट्रीट चर्चजवळ पाण्याच्या फवाऱ्याने त्यांना भिंतीवर आपटलं. रुग्णवाहिकेतून न्यावं लागलं. ते ऐकून बुल कॉनर म्हणाला की मला हे बघायला मिळालं नाही याचं वाईट वाटतं, आणि रुग्णवाहिकेऐवजी शववाहिका हवी होती. शहराचा एक अधिकारी जाहीरपणे असं बोलतो!

दुसऱ्या दिवशी ते औषधांच्या गुंगीत असताना त्यांना एका घरी नेलं. तिथे किंग होते, वॉशिंग्टनहून आलेले सरकारी लोक होते. मोर्चे थांबवायचं ठरलंय असं त्यांना सांगण्यात आलं. त्यांना विचारलं नव्हतं. ते ज्या आशयाचं बोलले तो असा: लोक म्हणतातच की तुम्ही गावात येता, लोकांना उठवता आणि निघून जाता. काहीही पदरात न पडता हे थांबवलं तर मी पुन्हा लोकांना रस्त्यावर नेईन. मग वाटाघाटी पुढे गेल्या आणि १० मे ला समझोता जाहीर झाला, तेव्हा शटल्सवर्थ पत्रकार परिषदेत किंग यांच्या शेजारी बसलेले होते. भांडले, आणि शेजारीही बसले.

मधली_सुट्टी

हे माहीत नव्हतं. एका बैठकीत न विचारता निर्णय झाला तर मीही चिडलो असतो, आणि इथे तर सात वर्षांची पुंजी पणाला लागली होती. चर्चच्या तंट्याबद्दलचं माझं मत मात्र कायम आहे.

पायवाट

ते कायम ठेवाच. तिथल्या लोकांचीही बाजू असणार.

उतारवयाबद्दल थोडं. सिनसिनाटीतल्या आपल्या चर्चमध्ये ते २००६ पर्यंत पास्टर होते, म्हणजे वयाच्या चौऱ्याऐंशीपर्यंत. गरीब कुटुंबांना स्वतःचं घर घेता यावं म्हणून त्यांनी एक संस्था काढली होती. ज्याचं राहतं घर उडवलं त्या माणसाने म्हातारपणी लोकांना घरं मिळवून दिली, हे मला विशेष वाटतं. २००१ मध्ये त्यांना राष्ट्राध्यक्षांचं नागरी पदक मिळालं. २००७ च्या मार्चमध्ये अलाबामातल्या सेल्माच्या पुलावर १९६५ च्या मतदानहक्क मोर्चाची स्मरणयात्रा होती, तेव्हा व्हीलचेअरमधल्या शटल्सवर्थना ढकलत नेणारे सिनेटर होते बराक ओबामा. दीड वर्षाने तेच सिनेटर राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले. त्याच २००८ मध्ये, पक्षाघाताच्या झटक्यानंतर, शटल्सवर्थ बर्मिंगहॅमला परतले. आणि त्याच वर्षी विमानतळाला त्यांचं नाव लागलं. आपल्या नावाची पाटी बघायला ते हयात होते, याचा मला फार आनंद होतो.

रानपाखरू

मी काल रात्री ती फिल्म बघितली, फिलिप्स हायस्कूलची. आवाज बंद करून. एक गोष्ट कुणीच लिहिली नव्हती. ती माणसं मारताना घाईत नाहीत. आजूबाजूने येतात, एक फटका मारतात, बाजूला होतात, दुसरा पुढे येतो. जणू सगळ्यांना पाळी मिळणार आहे याची खात्री आहे. मी आतापर्यंत त्या बापालाच प्रश्न विचारत होते. या माणसांना, त्यांच्या बायकांना, त्या संध्याकाळी त्यांच्या जेवणाच्या टेबलावर बसलेल्या त्यांच्या मुलांना मी एकदाही काही विचारलं नाही.

मुलींना मी नेलं असतं का? नाही. अजूनही नाही. पण काकांचं म्हणणं आता डोक्यातून जात नाही.

वडाची_पारंबी

ताई, “नाही” म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. माझ्या आईनेही कदाचित नाहीच म्हटलं असतं.

पाऊलखुणा

धागा पहिल्यापासून वाचतोय. पुढच्या महिन्यात अटलांटाला मुलाकडे जातोय आणि तिथून बर्मिंगहॅम मोटारीने जेमतेम अडीच तासांवर आहे. एक दिवस काढून काय काय बघावं?

पायवाट

जरूर जा. केली इनग्राम पार्कपासून सुरुवात करा. कुत्री आणि फवारे याच मैदानात सोडले होते, आता तिथे त्याची शिल्पं आहेत. कोपऱ्यावर सिक्स्टीन्थ स्ट्रीट बॅप्टिस्ट चर्च. तिथे १५ सप्टेंबर १९६३ च्या बॉम्बमध्ये चार मुली गेल्या: अ‍ॅडी मे कॉलिन्स, डेनिस मॅकनेअर, कॅरोल रॉबर्टसन, सिंथिया वेस्ली. समोर सिव्हिल राइट्स इन्स्टिट्यूट, १९९२ मध्ये उघडलेलं. दाराशी शटल्सवर्थ यांचा पुतळा आहे. आत निदान तीन तास हवेत.

बहुतेक पाहुणे तिथूनच परततात. तुम्ही तसं करू नका. मोटार घेऊन उत्तरेला कॉलेजव्हिलमध्ये जा. जुनं बेथेल चर्च तिथे आहे, २००५ पासून राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तू आहे. आत जायचं असेल तर आधी फोन करून वेळ ठरवा. वस्तीला रेल्वेच्या रुळांचा वेढा आहे आणि मालगाड्या फाटकात बराच वेळ उभ्या राहतात, तेव्हा हाताशी वेळ ठेवा. मी गेले तेव्हा अशीच एक गाडी आडवी उभी होती. इंजिन बंद करून बसले आणि त्या रात्री इथून रुग्णवाहिका कशी आली असेल, याचाच विचार करत राहिले.

पाऊलखुणा

लिहून घेतलं. रविवारी पोचेन असं बघतो.

तांबडं_फुटलं

रविवारपेक्षा सोमवार बघा जमतो का. संध्याकाळी नुसतं त्या चर्चच्या बाहेर उभं राहता आलं तरी चालेल.